दहा बाय चौदाची खोली: ठाण्यात हेडफोन आणि स्पीकर बसवण्याचे सहा महिने

घोडबंदर रोडजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची ही खोली दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे. जमिनीला गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या, एका लांब भिंतीत सरकती खिडकी, बाकीच्या भिंती कोऱ्या. ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये अशी एखादी खोली असतेच. तिथे गाणं नीट ऐकता येईल अशी व्यवस्था करायला ११ जानेवारी २०२५ ला सुरुवात केली आणि १२ जुलैला शेवटचं मोजमाप झालं. सगळा मिळून खर्च २ लाख ६५ हजारांच्या आसपास आला. सुरुवातीला सगळ्यात मोठी धास्ती होती ती चुकीच्या वस्तूवर लाखभर रुपये घालवण्याची, कारण या विषयात विकणारे पुष्कळ आणि मोजून सांगणारे थोडे. म्हणून जे केलं ते तारखा, आकडे आणि अडचणींसकट लिहिते आहे.

पहिल्या दिवशी एकही वस्तू बघितली नाही, टेप घेऊन खोली मोजली. लांबी ४.२७ मीटर, रुंदी ३.०५ मीटर, उंची २.९ मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर नेमकी मावते तो सूर त्या खोलीत घुमतो, आणि त्याच्या दुपटी-तिपटीही घुमतात. ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागायचं, इतकं सोपं गणित आहे. या खोलीत लांबीमुळे ४० हर्ट्झ आणि पुढे ८०, १२०, रुंदीमुळे ५६, उंचीमुळे ५९. आरसीसीचा स्लॅब आणि विटांच्या भिंती हा खालचा आवाज शोषत नाहीत, पुन्हा खोलीतच फेकतात. डग्गा फुगल्यासारखा वाजतो, काही सूर अंगावर येतात आणि शेजारचे दोन गायब होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा स्पीकर नसतो, हे आकडे असतात. ते कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

जोडणी शक्य तितकी साधी ठेवायची असं ठरवलं. लॅपटॉपमधून यूएसबीने डॅकमध्ये (फाइलीतले आकडे विजेच्या लहरीत बदलणारी छोटी पेटी), डॅकमध्येच हेडफोनचा अ‍ॅम्प, त्याच डॅकच्या मागच्या आरसीए (साध्या गोल ऑडिओ प्लगच्या) जोडीतून इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला (आवाज कमी-जास्त करणारा आणि स्पीकर चालवणारा भाग एकाच डब्यात), तिथून स्पीकर. वेगळा प्रीअ‍ॅम्प, पॉवर कंडिशनर, महागडी मेन्सची वायर यातलं काहीही घेतलं नाही. आवाजातला खरा फरक हेडफोन, स्पीकर आणि खोली ठरवतात, म्हणून पैसे तिथे घातले. एकूण खर्चातले जवळजवळ निम्मे एकट्या स्पीकरचे आहेत.

जानेवारीचे उरलेले शनिवार ऐकण्यात गेले. हाय-फाय विकणाऱ्या दुकानांत ऐकायची खोली वेगळी असते आणि आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. जाताना पेनड्राइव्हवर स्वतःच्या चार फाइली न्याव्यात, फ्लॅक म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या स्वरूपात. माझ्याकडे होत्या त्या अशा: नुसता तानपुरा, कारण जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांची रांग ट्वीटर (स्पीकरमधला उंच सूर काढणारा छोटा भाग) चांगला असेल तरच सुटी-सुटी ऐकू येते. तबल्याचं एकल वादन, डग्ग्यासाठी. जुनं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं नाट्यगीत, कारण मोनो आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका ठिपक्यासारखा उभा राहायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला कलला तर मांडणीत किंवा जोडणीत चूक आहे. आणि एका गायिकेचं जवळून ध्वनिमुद्रित केलेलं भावगीत, ज्यात 'स' आणि 'श' टोचतात की नाही ते कळतं. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी एकसारखी करून घ्या. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप एवढ्यापुरतं पुरतं. एका डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास जास्त चांगला वाटतो, आणि दुकानात नेमका महाग स्पीकर थोडा मोठा लावलेला असू शकतो.

निवड झाली ती केईएफ एलएस ५० मेटाची. हा २०२० चा स्पीकर आहे आणि त्यात ट्वीटर वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या) बरोबर मध्यभागी बसवलेला आहे. सगळा आवाज एकाच बिंदूतून येत असल्यामुळे दोन मीटरवर बसूनही तो एकसंध राहतो, आणि लहान खोलीत तितकंच अंतर मिळतं. त्याचा खालचा आवाज ७९ हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. काहींना ही उणीव वाटेल, पण ज्या खोलीत ४० आणि ५९ हर्ट्झ आपोआप फुगणार आहेत तिथे मोठा बास आणून ठेवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

अ‍ॅम्प किती वॅटचा हवा यावर फार गोंधळ असतो, म्हणून हिशेब देते. या स्पीकरला ८ ओहमच्या हिशेबाने १ वॅट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबल मिळतात. माझी बसण्याची जागा १.९५ मीटरवर, त्यामुळे साधारण ६ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर म्हणून ३ परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला कानाशी ८२. आपण घरी ७५ च्या आसपास ऐकतो, त्याला पाव वॅटसुद्धा लागत नाही. बाकी सगळी ताकद अचानक येणाऱ्या थापेसाठी राखीव. मारांट्झ पीएम ६००७ हा ४५ वॅटचा अ‍ॅम्प घेतला. तो याच हिशेबाने ९८ डेसिबलपर्यंत जातो, आणि फ्लॅटमध्ये तितकं वाजवायचं नसतंच. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. वॅटपेक्षा हे बघावं की इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) खाली गेल्यावर अ‍ॅम्प तग धरतो का. एलएस ५० मेटाचा इम्पीडन्स काही ठिकाणी ३.५ ओहमपर्यंत उतरतो आणि हा अ‍ॅम्प ४ ओहमला ६० वॅट देतो, म्हणून निश्चिंत झाले.

हेडफोन आधी मागवले, ८ फेब्रुवारीला. हेडफोनला खोली लागत नाही, त्यामुळे डॅक, लॅपटॉप आणि फाइली ठीक चालतात की नाही हे स्पीकर येण्याआधीच तपासून होतं. सेनहायजर एचडी ६५० हा हेडफोन आणि फिओ के ७ हा डॅक, दोन्ही मिळून ५३ हजारांच्या आसपास, चार दिवसांत घरी.

एचडी ६५० ला 'चालवायला कठीण' म्हणतात. ३०० ओहम हा आकडा बघून तसं वाटतं, पण गणित वेगळं सांगतं. एक व्होल्टला हा हेडफोन १०३ डेसिबल देतो. ११० डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी सव्वादोन व्होल्ट लागतात, म्हणजे १७ मिलिवॅटच्या आत. चांगल्या डॅक-अ‍ॅम्पला हे किरकोळ आहे. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीने. अनेक इंटिग्रेटेड अ‍ॅम्पमध्ये हेडफोनचं भोक स्पीकरच्याच आउटपुटवरून, मध्ये मोठा रेझिस्टर टाकून काढलेलं असतं. एचडी ६५० चा इम्पीडन्स बासच्या पट्ट्यात ५०० ओहमच्या जवळ चढतो. मध्ये १२० ओहमचा अडथळा असेल तर त्या पट्ट्यात सुमारे एक डेसिबलचा उंचवटा येतो आणि आवाज किंचित जाड होतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तर याहून मोठी गडबड होऊ शकते. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स कमी असावा, एवढं पाहिलं की पुरे.

हा उघड्या पाठीचा हेडफोन आहे, म्हणजे बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. गाणं डोक्याबाहेर मोकळं पसरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. पण ठाण्यात मार्च ते जून छताचा पंखा लागतोच, आणि त्याच्या घरघरीत तानपुऱ्याचे वरचे स्वर बुडतात. माझ्या खोलीत पंखा पाचवर असताना फोनच्या अ‍ॅपने ४९ डेसिबल दाखवले, दोनवर ३८. पंखा दोनवर ठेवून खिडकी बंद केली तर भागतं. इन्व्हर्टर एसी मंद वेगावर असेल तर उत्तम. ज्यांच्या खोलीत कायम माणसं असतात त्यांनी बंद पाठीचाच हेडफोन घ्यावा.

२२ फेब्रुवारीला वायरसाठी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. शनिवारी जावं, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. स्पीकरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर पुरते. अंतर ४ मीटर धरलं तर जाऊन-येऊन ८ मीटर तांब्याचा रोध ०.०५५ ओहम होतो. स्पीकरच्या सगळ्यात कमी इम्पीडन्सच्या दोन टक्क्यांहूनही तो कमी आहे, म्हणजे त्याहून जाड किंवा महाग वायरने काहीही मिळत नाही.

पण वायर खरोखर तांब्याची आहे का ते तिथल्या तिथे बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच रंगाची, त्याच जाडीची दिसते. टोक सोलून एक तार बोटावर धरायची आणि ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडायची. आतून चंदेरी रंग डोकावला की ती ॲल्युमिनियमची. तिसऱ्या दुकानात खरवडूनही लालच राहिली ती वायर घेतली. हातात जड लागणं हीसुद्धा खूण आहे, मुलाम्याची वायर हलकी असते. वायर आणि आठ बनाना प्लग मिळून २४०० रुपये. प्लग बसवताना सोललेलं टोक १२ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, आणि एकही केसाएवढी तार बाहेर राहिली तर कापा. ती तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो म्हणजे स्वतःहून बंद पडतो, आणि नशीब वाईट असेल तर त्याचं आउटपुट जळतं.

स्पीकर आणि अ‍ॅम्पची ऑर्डर ८ मार्चला दिली, तीस टक्के आगाऊ. गुढीपाडव्यापर्यंत माल येईल असं सांगितलं होतं. पाडवा ३० मार्चला झाला आणि माल आला १९ एप्रिलला. उशिरापेक्षा बिलाने जास्त छळलं. विक्रेत्याने १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल दिलं खरं, पण त्यावर सिरियल नंबर नव्हते. वॉरंटीची नोंद करताना तेच नंबर बिलावर लागतात. दुरुस्त बिल हातात पडायला चार ईमेल, तीन फोन आणि अकरा दिवस गेले. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी बिलाचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा; मॉडेल, रंग, प्रत्येक नगाचा सिरियल नंबर आणि भारतातली अधिकृत वॉरंटी असा उल्लेख त्यावर असू द्या. बाहेरून आणलेला माल काही हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्याला इथली वॉरंटी बहुधा नसते. खोकी उघडताना टेप कापण्यापासून व्हिडिओ काढा आणि खोकी निदान वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. माळ्यावर जागा लागते, पण स्पीकर परत पाठवायची वेळ आली तर त्या साच्याच्या फोमशिवाय तो धड पोचत नाही.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत स्टँड करून घेतले. तयार स्टँडची जोडी पंधरा हजारांपुढे होती; जवळच्या फॅब्रिकेटरने ५२०० रुपयांत बनवून दिली. तीन इंची चौकोनी एमएस (पोलादी) पाइप, उंची ३० इंच. खाली १२ बाय १२ इंचांची ६ मिलिमीटर जाड पट्टी, वर ७ बाय ९ इंचांची ४ मिलिमीटरची. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा लागतो. खुर्चीवर बसून माझे कान जमिनीपासून ९३ सेंटिमीटरवर येतात, त्यावरून ३० इंच काढले. तुम्ही गादीवर मांडी घालून ऐकणार असाल तर आधी तसं बसून कुणाकडून तरी कानाची उंची मोजून घ्या. स्टँड आठ-दहा इंचांनी बुटका होईल.

पोकळ पाइप घंटेसारखा वाजतो. वरच्या पट्टीला एक भोक ठेवायला सांगितलं होतं, त्यातून वाळू भरली. बांधकामाची वाळू चाळली, कढईत अर्धा तास कोरडी भाजली, थंड केली आणि कागदाच्या नरसाळ्याने ओतली. ओली वाळू भरली तर पहिल्याच पावसाळ्यात पाइप आतून गंजतो. एका स्टँडमध्ये जवळपास सहा किलो मावली. भरण्याआधी पाइपला बोटाच्या पेराने टिचकी मारली तर लांब 'टण्ण' यायचा, भरल्यावर नुसता 'टक'. तळाला चार रबरी बुटं, आणि स्पीकर घसरू नये म्हणून वरच्या पट्टीवर ब्लू टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) वाटाण्याएवढ्या चार गोळ्या.

१९ एप्रिलला सगळं जोडलं आणि दोन्ही स्पीकरमधून बारीक 'झर्रर्र' असा आवाज आला. गाणं बंद, तरी झर्र. असं झालं तर आधी काही विकत घेऊ नका, एकेक वस्तू सोडवत जा. डॅकची आरसीए वायर काढली, आवाज थांबला. म्हणजे अ‍ॅम्प ठीक. वायर परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढला, पुन्हा थांबला. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला तर चार्जर लावलेला असताना हलक्या झिणझिण्या येत होत्या. ही खूण अर्थिंग नसल्याची आहे. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं अंग मेन्सच्या सुमारे निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबीच्या वायरमधून तो डॅककडे आणि पुढे स्पीकरपर्यंत झर्र होऊन पोचतो.

मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ ४१. अर्थिंग चांगलं असेल तर दुसरा आकडा एक-दोन व्होल्टच्या आसपास असतो. वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडला तेव्हा हिरवी वायर मागे दुमडून, टेप गुंडाळून ठेवलेली सापडली. ती जोडून नवा सॉकेट बसवायचे ६५० रुपये झाले. नंतर न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट, झर्र बंद. या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त समाधान देणारा खर्च हाच. आवाज जावा म्हणून चार्जरची तिसरी पिन कापणं किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावणं हा उपाय पुष्कळजण सांगतात. तो जिवावर बेतू शकतो, करू नका. केबल टीव्हीचा सेट टॉप बॉक्स याच अ‍ॅम्पला जोडायचा असेल तर त्याच्या कोअ‍ॅक्स वायरमधूनही गुणगुण येते. तो ऑप्टिकल वायरने जोडा, ती वीज वाहून नेत नाही.

पोलॅरिटी तपासून घ्या. एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली तर बास नाहीसा होतो आणि मोनो नाट्यगीतातला गायक मध्ये उभा न राहता खोलीभर विरघळतो.

आता मांडणी, आणि या भागाला सगळ्यात जास्त वेळ दिला. पहिल्या दिवशी स्पीकर भिंतीपासून वीतभर आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. बहुतेक घरांत सोफा असाच असतो. डग्गा भयंकर घुमत होता. मागच्या भिंतीशी लांबीचे सगळे घुमारे, ४०, ८० आणि १२०, पूर्ण जोरात असतात. खुर्ची पुढे घेऊन मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे १.६२ मीटरवर ठेवली आणि स्पीकरचा दर्शनी भाग समोरच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर आणला. दोन स्पीकरांमधलं अंतर १.७ मीटर. घुमणं निम्म्याहून कमी झालं, एक रुपया खर्च न होता. खुर्ची रुंदीच्या बरोबर मध्ये असल्यामुळे ५६ हर्ट्झचाही त्रास राहिला नाही, कारण तो घुमारा मध्यावर शून्य असतो. रोज खोली वापरायची असल्यामुळे स्टँड आणि खुर्ची हलतातच. म्हणून लाद्यांवर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावल्या आहेत. दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले तर एक वेळ चालतं, पण दोन्ही स्पीकर कानापासून सारख्याच अंतरावर हवेत. एका दोरीचं टोक खुर्चीला बांधून दोन्हीकडे ताणून बघायचं, टेपपेक्षा लवकर होतं.

मे महिन्यात मोजमाप. रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मिनीडीएसपीचा यूमिक १ हा मायक्रोफोन ११ हजारांना पडला. त्याच्या सिरियल नंबरवरून कॅलिब्रेशनची फाइल उतरवून घ्यावी लागते. ती दोन प्रकारची असते: माइक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशांची, छताकडे उभा धरला तर ९० अंशांची. चुकीची फाइल लावली तर वरचा आवाज खोटाच कमी-जास्त दिसतो. माइक कानाच्या जागी, खुर्चीची पाठ आड येणार नाही असा, पंखा बंद, ७५ डेसिबलला २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वरपर्यंत चढत जाणारा सूर. पहाटे पाच-साडेपाचला घोडबंदर रोड जरा शांत असतो, तेव्हा मोजलं.

आलेखात दोन गोष्टी ठळक होत्या. ५९ हर्ट्झला सात डेसिबलचा उंचवटा, आणि ९५ ला खड्डा. उंचवटा छताच्या उंचीचा, पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहिलेलाच. खड्ड्याचंही गणित आहे: स्पीकरचा आवाज ९० सेंटिमीटर मागच्या भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा ९५ हर्ट्झला अर्धी लहर मागे पडलेला असतो आणि मूळ आवाज खोडतो. अंतर बदललं की खड्डा सरकतो. ६० सेंटिमीटरवर तो १४३ ला गेला आणि गायकाचा खर्ज पातळ झाला, म्हणून परत ९० वरच आले.

भिंतीवर आवाज शोषणारी पॅनेल केली ती वरच्या सुरांच्या आवाजासाठी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की 'झिंग' असा शेपटासारखा आवाज येत होता. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवू नका, त्याने फक्त अगदी वरचा आवाज मरतो आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ६४ किलो घनतेचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार स्लॅब, दोन बाय चार फुटांचे, सुताराकडून पाइनच्या चौकटी, आत न विणलेलं कापड आणि वरून सुती कापड; चारींचे मिळून ७६०० रुपये. रॉकवूल हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, नाहीतर अंगाला दोन दिवस खाज सुटते. भिंतीपासून ५० मिलिमीटर सुटं लावलं की तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं. जागा आरशाने काढायची: खुर्चीत बसायचं, कुणीतरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायचा, आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनेल. खिडकीच्या बाजूला भिंतच नव्हती, म्हणून ते एक पॅनेल पायांवर उभं केलं आहे, ऐकताना आणून ठेवते. आधी नुसत्या पडद्यावर भागवून पाहिलं होतं, पण गायिका सतत खिडकीकडे कललेली वाटायची. जमिनीवर जाड सतरंजी आणि तिच्याखाली जुनी गोधडी.

५९ हर्ट्झला मात्र पॅनेल हात लावू शकत नाही. त्या लहरीचा चौथा हिस्साच जवळजवळ दीड मीटर भरतो. तिथे विंडोजवरचा इक्वलायझर एपीओ वापरला, ठराविक सुरांचा आवाज कमी-जास्त करणारा प्रोग्रॅम. एकच फिल्टर: ५९ हर्ट्झ, उणे ६ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद आहे तो आकडा) ५. ९५ चा खड्डा भरायला जाऊ नका. तिथे जितकी ताकद घालाल तितकीच भिंत परत खोडते आणि अ‍ॅम्पवर फुकटचा ताण येतो. इथे दोन अडचणी आल्या. वाजवणारा प्रोग्रॅम एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये किंवा एएसआयओवर असेल, म्हणजे विंडोजला वळसा घालून थेट डॅकशी बोलत असेल, तर इक्वलायझर एपीओ बाजूला पडतो, फिल्टर लागतच नाही. साधा शेअर्ड मोड ठेवला आणि विंडोजमध्ये सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ केला, कारण माझा बहुतेक संग्रह सीडीवरून घेतलेला आहे. दुसरी अडचण उशिरा कळली: हेडफोन आणि स्पीकर एकाच डॅकवर असल्यामुळे खोलीसाठीचा फिल्टर हेडफोनलाही लागत होता, आणि आठवडाभर एचडी ६५० चा डग्गा पोकळ का वाटतो ते समजेना. आता दोन फाइली आहेत, 'खोली' आणि 'कान', आणि डॅकचं बटण हेडफोनवरून मागच्या आउटपुटवर फिरवताना मी फाइलही बदलते.

त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला आणि दमटपणाची परीक्षा लवकर झाली. हेडफोनच्या कानगाद्यांना घामाने बुरशी धरते. ऐकून झालं की सुक्या सुती फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवते. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. आरसीएचे प्लग महिन्यातून एकदा काढून फिरवून लावले की काळी पुटं जातात. अ‍ॅम्पच्या वरच्या जाळीतून मुंग्या आणि पालीची पिल्लं आत शिरतात, म्हणून तो वापरात नसताना वर पातळ सुती कापड, आणि सुरू करण्याआधी ते काढलेलं आहे ना हे बघायचं. वीज गेली की जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. तेव्हा स्पीकर बंद, लॅपटॉपच्या बॅटरीवर हेडफोन. पण के ७ ला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो, त्यासाठी तेवढा एक सॉकेट साइन वेव्हच्या छोट्या यूपीएसवर घेतला आहे.

१२ जुलैला पुन्हा पहाटे मोजलं. ५९ चा उंचवटा दीड डेसिबलवर आला होता, ९५ चा खड्डा होता तिथेच आहे. टाळीचं शेपूट गेलं. मोनो नाट्यगीत लावलं तर आवाज दोन्ही स्पीकर सोडून मधल्या कोऱ्या भिंतीतून येत होता, जमिनीपासून चार फुटांवर, साधारण उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला.